घाम नाही, आसवं नाहीत

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं आणि साळूबाईचं चित्त कीर्तनात नव्हतं. असं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं. कीर्तन म्हटलं की चूल अर्धी विझवून निघणारी ही बाई. बुवा कोणी असोत, गळा गोड असो की घोगरा, तिला सगळे सारखे. देवाचं नाव घेणाऱ्याच्या गळ्याला नावं कोण ठेवणार, असं तिचं म्हणणं. पण आज बायकांच्या बाजूला, मांडवाच्या मेढीशी बसलेली साळूबाई बुवांकडं बघतच नव्हती. तिची नजर बुवांच्या पाठीमागं, वीणा गळ्यात घालून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्यावर खिळली होती.

पडेगावच्या मारुतीपुढं सप्ताह बसतो तो वैशाखात. ऊन असं, की मांडवावरच्या ओल्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी कुरकुरीत होतात आणि दौलताबादच्या सडकेवरून एस.टी. गेली की तिच्या मागचा धुरळा खाली बसायचं नाव घेत नाही. सप्ताहाचे नेम पुष्कळ, पण सगळ्यांत कडक एकच. पहिल्या दिवशी वीणा गळ्यात पडली की शेवटच्या दिवशी काल्याची हंडी फुटेपर्यंत ती भुईला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. वीणा गळ्यात आहे तोवर बसायचं नाही, नामाशिवाय बोलायचं नाही, पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. दोन-दोन तासांचे पहारे, दिवसरात्र. माणसं भरपूर असली की त्यात जड असं काही नाही.

या साली माणसं कमी पडली. लग्नसराईचे दिवस. वीणेकऱ्यांतले तिघं पैठणला सोयऱ्याच्या लग्नाला गेले, दिवस मावळायच्या आत येतो म्हणाले, ते अजून येत होते. सांडूच्या मांडीला गळू झालेलं, त्याला उभं राहवेना. राहिला साळूबाईचा नवरा कडूबा आणि त्याचा धाकटा भाऊ पुंजाराम. त्यातही पुंजारामाकडं महाप्रसादाच्या कढया. तेव्हा काल सांजेला कडूबानं वीणा घेतली ती घेतलीच. पहाटे पुंजारामानं घटकाभर सोडवलं, तेवढाच काय तो विसावा; त्यातही कडूबानं पाणी तोंडाला लावलं नाही.

काल सांजेला साळूबाई तांब्या घेऊन आली होती. वीणा गळ्यात घ्यायच्या आधी कडूबानं तो हातानंच बाजूला सारला.

"पाणी पेलं की बाहेर जावं लागतं," तो म्हणाला. "बाहेर जायचं तर वीणा कुणाच्या गळ्यात घालू? तुझ्या?"

"घाला की," साळूबाई हसत म्हणाली होती.

दुपारपासूनच त्यानं पाणी तोडलं होतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आणि खरं सांगायचं तर तिला अभिमानच वाटला. काकड्याला देवळात आली तेव्हा दगडाबाई तिच्या कानाशी म्हणाली, "रातभर उभाय तुझा मालक, पण तोंडाकडं बघ, कसा शांत झालाय." साळूबाईनं पदर सावरला होता आणि उगीच इकडंतिकडं बघितलं होतं, बाकीच्यांनीही ऐकलं का म्हणून.

आता मात्र ते शांत तोंड तिला निराळंच दिसत होतं. बसल्या जागी तिनं मांडी तीनदा बदलली. त्याच्या ओठांच्या कडेला पांढरं साकळलं होतं. डोळे आत गेलेले, जसे कोणी अंगठ्यानं दाबून बसवलेत. तारेवरचं बोट मधेच चुकायचं, मग तो दचकून पुन्हा छेडायचा. नाम घेताना ओठ हलत होते पण टाळूला चिकटलेली जीभ सुटताना होतो तसा टक्‌ असा आवाज यायचा, आणि तो आवाज टाळ-मृदंगातूनही साळूबाईला ऐकू येत होता. निदान तिला तसं वाटत होतं.

"काय गं, टोचतंय का काही?" भागूबाईनं विचारलं. भागूबाई तिची शेजारीण, तोंडाची फटकळ.

"त्यांचं काहीतरी बिनसलंय."

"बिनसंल नाय तर काय. रातीपासून उभा हाय माणूस. हंडी फुटली की निजंल दोन दिस."

कीर्तनाला शहरातल्या शहागंजातून व्यंकटरावबुवा आले होते. गोरेपान, किरकोळ, बोलणं शहरी, पण कीर्तनाला उभे राहिले की गावचेच होऊन जायचे. बुवांनी गवळणी सांगता सांगता सहज मागं बघितलं, कडूबाची अवस्था त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तिथंच कथा थांबवली.

"मंडळी, आम्ही पोथीतून सांगतो," बुवा म्हणाले, "पण तुमच्या गावात ते उभं आहे. या वीणेकऱ्याकडं बघा. भाव अंगात मुरला म्हणजे देहावर आठ खुणा उमटतात. अष्टसात्त्विक भाव म्हणतात त्याला. पहिला स्तंभ. देह खांबासारखा उभा राहतो."

माना वळल्या. कडूबा खांबासारखाच उभा होता.

"दुसरा स्वेद. घाम. अंग निथळून निघतं. तिसरा रोमांच, अंगावर काटा येतो. चौथा स्वरभंग. गळ्यातून नाम निघेनासं होतं. पाचवा कंप. सहावा वैवर्ण्य, तोंडाचा रंगच पालटतो. सातवा अश्रू. आणि आठवा प्रलय. मग भान म्हणून राहत नाही."

पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी उठून कडूबाच्या पायाला हात लावला. तात्यासाहेब, ज्यांच्या मळ्यातून सप्ताहाला धान्य यायचं, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. कोणीतरी विठ्ठलाचा गजर केला.

साळूबाई जुळवून बघत होती. कीर्तनातला शब्द न शब्द साठवणारी बाई ती, आठही खुणा तिनं आजवर कितीदा ऐकल्या होत्या. स्तंभ व्हय. आवाज गेलाय, व्हय. हात कापतायत. रंग पार मातकट झालाय. पण घाम?

मोटेवर उभा राहिला की ज्याची बंडी पिळून वाळत घालावी लागते तो माणूस. सप्ताहात टाळ धरला तरी निथळायचा. या मांडवात माणसं पदरांनी, उपरण्यांनी वारा घेत होती, बुवांच्या अंगरख्याला पाठीवर ओला नकाशा उमटला होता, आणि कडूबाची बंडी वाळलेली. कालच्या घामाच्या मिठाच्या रेघा तेवढ्या तिच्यावर होत्या. आणि डोळे? त्या डोळ्यांत आसू सोडा, ओलसुद्धा नव्हती. पापण्या लवताना अडखळत होत्या.

घाम नाही. आसवं नाहीत. मग हा भाव कसला?

आठव्या खुणेपाशी ती आली आणि उठलीच. ती एक खूण अजून व्हायची होती.

मांडवाच्या मागून, गाभाऱ्याच्या भिंतीच्या कडेनं ती पुरुषांच्या बाजूला गेली. कोणी हटकलं नाही, कारण अशी कोणी बाई जाईल हे कोणाच्या मनातच नव्हतं. कडूबाच्या पाठीशी उभी राहून तिनं त्याच्या मनगटाला हात लावला. तव्यासारखं गरम, आणि कोरडं. तिनं त्याच्या पंज्यावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मेणाची घडी असावी तशी, आणि मग सावकाश, फार सावकाश खाली बसली.

"अवो," ती कानाशी पुटपुटली. "थोडं बसा. पाणी देते."

कडूबानं मान वळवली. तिच्याकडं बघितलं, पण ओळख उशिरा आली. मग वीणेकऱ्याचा नेम मोडून तो बोलला.

"चतुरा निजली का?" त्यानं विचारलं.

चतुरा त्यांची पहिली लेक. आजीचं नाव दिलेलं. तिला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती.

त्या साली सगळीकडं रझाकारांची गडबड होती म्हणून वैशाखातला सप्ताह पुढं पुढं ढकलत भादव्यात बसला होता. आणि मधेच पोलीस ॲक्शन झाली. सडकेवरून काय येतंय, कोण येतंय, कोणाला ठाऊक नव्हतं. अफवांनीच गाव अर्धं रिकामं झालं. पहाऱ्यावर कडूबा होता. त्यानं वीणा मारुतीपुढं भुईवर ठेवली आणि बायको-लेकीला घेऊन रानात पळाला. खोपटात चार दिवस काढले, ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन. लेकराला हगवण लागली, वर ओकारी. पाणी दिलं की उलटतंय म्हणून साळूबाईनं पाणीच बंद केलं. शेजारच्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. पोर रडायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं नाही. टाळू खाली गेली. मग तिनं रडणं थांबवलं, आणि साळूबाईला वाटलं, चला, शांत झाली. बरं वाटतंय तिला.

कडूबानं त्या दिवसापासून एकच धरून ठेवलं. वीणा भुईला टेकवली म्हणून लेक गेली. कोणापुढं बोलला नाही, पण दर साली सप्ताहात तो वीणेजवळून हलत नसे. लष्करी छावणीच्या दवाखान्यातली नर्सबाई पुढं गावात आली होती. तिनं साळूबाईला सगळं विचारून घेतलं आणि हळूच सांगितलं की पोरीच्या अंगातलं पाणी संपलं होतं. उलटलं तरी थोडं थोडं देत राहायचं असतं, मीठ घालून. हे साळूबाईनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वीणेवरचा दोष उतरला असता, पण तो मग तिच्यावर आला असता.

"काय चाललंय तिकडं?" तात्यासाहेबांनी डोळे उघडले होते. "साळूबाई, बायकांनी तिकडं बसायचं."

"तात्यासाहेब, यांच्या अंगातलं पाणी सरलंय. वीणा घ्या कुणीतरी."

"अहो, बुवांनी आत्ता सांगितलं ना? भाव लागलाय त्याला. अशा वेळी हात लावू नये. हंडीच तेवढी राहिलीय आता."

"त्या हंडीपत्तोर हे राहायचे नायत."

हे ती मोठ्यानं बोलली. मृदंग थांबला. टाळ एकेक करत थांबले. पुंजाराम कढईवरचा झारा हातात घेऊनच धावत आला होता. त्यानं भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि वीणेला हात घातला. पण कडूबानं वीणा छातीशी अशी आवळली की पुंजारामाला ती सोडवेना. ओढली तर तार तुटणार, नाहीतर वीणा खाली पडणार.

"दादा, दे ना."

"नाय. पडंल. मागं बी पडली."

"मी धरतो म्हणलं ना."

"सोड. तू कोण?"

पुंजारामाचं तोंड उतरलं. सख्ख्या भावानं तू कोण म्हणावं.

साळूबाईनं झाऱ्यासकट पुंजारामाला बाजूला घेतलं आणि आधी त्याला सांगितलं, कारण वीणा गळ्यात आली की तिला बोलता येणार नव्हतं. "भायेरच्या निंबाखाली न्यायचं. अंग ओल्या फडक्यानं पुसायचं. ताकाची निवळी घे, मीठ घाल. नाय तर गूळपाणी, त्यात बी चिमूटभर मीठ. तांब्या तोंडाला लावू नगंस, गटागट पेला तर उलटंल. पळीपळीनं. उलटलं तरी दम धरून परत द्यायचं. बंद करायचं नाय. ऐकलं का, बंद करायचं नाय."

"वैनी, अन्‌ वीणा?"

ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली, त्याला आपल्याशिवाय दुसरं काही दिसू नये अशी.

"चतुरा जागी हाय," ती म्हणाली. "पाणी मागतीय. जा, पाजा तिला."

कडूबानं बघितलं. "वीणा?"

"मी धरते. खाली ठेवत नाय."

त्याची बोटं सुटली. तिनं वीणा त्याच्या डोक्यावरून काढली आणि आपल्या गळ्यात घेतली. एवढं सगळं हरवलं होतं तरी वीणेकऱ्याचा नेम त्याच्या हाडात राहिला होता. घेणाऱ्याच्या पाया पडायला तो वाकला. बायकोच्या पायावर त्याचं डोकं आलं आणि तिथून त्याला वर उठता आलं नाही. पुंजारामानं आणि एका टाळकऱ्यानं त्याला उचललं, सांडू लंगडत त्यांच्या मागून गेला.

मांडवात कुजबुज पसरली. बाईच्या गळ्यात वीणा पडेगावानं बघितली नव्हती. तात्यासाहेब बुवांकडं वळले. "बुवा, हे चालतं का?"

व्यंकटरावबुवा हातातल्या उपरण्याकडं बघत होते. मघाशी आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. "वीणा भुईला टेकली का, तात्यासाहेब?"

"नाही."

"मग पहारा चालू आहे. थांबलं आहे ते नाम. बाई, म्हणा."

साळूबाईनं तार छेडली आणि रामकृष्णहरी म्हटलं. बायकांच्या बाजूनं पहिली भागूबाई तिच्यामागं बोलली, मग सगळा मांडव.

पण आता वीणा तिच्या गळ्यात होती आणि नवरा निंबाखाली. अंतर फार नव्हतं, पण जाता येत नव्हतं, विचारता येत नव्हतं. माणसांच्या पाठी आड यायच्या, मग मधेच फट पडायची आणि त्यातून कडूबाचा एक पाय दिसायचा. पाय हलतोय का? हलला. नाही, कोणीतरी हलवला. बुवा पेंद्याची गोष्ट सांगत होते, लोक हसत होते, आणि साळूबाई तोंडानं नाम घेत त्या पायाकडं बघत होती. नाम सुटत नव्हतं आणि धीर धरवत नव्हता. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर.

निंबाखाली गलका झाला. कडूबानं उलटी केली. सांडूचा आवाज आला, "राहू द्या, पोटात ठरत नाय. नका देऊ आता."

 साळूबाईनं भागूबाईकडं बघितलं. अंगठा आणि बोट जवळ आणून, इवलंसं, इवलंसं, असं तिला दाखवलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. भागूबाई उठली, निंबाखाली गेली, आणि तिचा फटकळ आवाज मांडवापर्यंत आला. "आण इकडं ती पळी. तुमा बाप्यांना तांब्याभर ओतल्याबिगर काही देताच येत नाय. सर बाजूला."

त्यानंतर किती वेळ गेला ते साळूबाईला कळलं नाही. बुवा कथा लांबवत होते, हे मात्र तिला कळलं. हंडीपाशी येऊन ते पुन्हा मागं गेले, एक गवळण जास्तीची सांगितली. कीर्तनं ऐकून ऐकून तिला बुवांच्या चाली ठाऊक होत्या. निंबाखालची बातमी येईपर्यंतचं हे लांबवणं तिच्यासाठी आहे, तिनं ओळखलं.

मग पुंजाराम आला. मांडवाच्या कडेनं येऊन वहिनीशेजारी उभा राहिला, आणि बोलेना. खाली बघतोय, उपरणं पिळतोय.  तिनं भुवया उचलून विचारलं.

"त्ये... दादा..." पुंजाराम म्हणाला. "म्हंजे कसं सांगू, वैनी. त्यो जरा... निंबाच्या मागं..."

तिनं वीणेचा दांडा त्याच्या दंडाला ढोसला.

"काय म्हणताहेत?" बुवांनीच विचारलं. कथा थांबली. सगळा मांडव पुंजारामाकडं बघू लागला.

पुंजाराम कानापर्यंत लाल झाला. "लघवी झाली, बुवा. दादाला. पिवळी जर्द, पण झाली. अन्‌ मला पुंजा म्हणून हाक मारली."

तात्यासाहेब म्हणाले, "अरे, काल्याच्या कीर्तनात काय हे." पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"असू द्या," बुवा म्हणाले. "आजची सगळ्यांत गोड बातमी आहे. घ्या हंडी."

हंडी फुटली, दह्यालाह्यांचा सडा पडला. तात्यासाहेबांनी स्वतः येऊन साळूबाईच्या पायाला हात लावला आणि वीणा तिच्या गळ्यातून काढून देवापुढं चौरंगावर ठेवली. ती प्रसादालाही थांबली नाही.

निंबाला टेकून कडूबा बसला होता. भागूबाईच्या हातातली पळी साळूबाईनं घेतली. भागूबाई उठून गेली.

"वीणा?" त्यानं विचारलं. आवाज अजून फाटलेला, पण त्याचाच.

"चौरंगावर हाय. हंडी फुटल्यावर उतरवली."

"मी काय बोललो का गं मघाशी?"

"बोलला."

त्यानं डोळे मिटले. तिनं पळी पुढं केली, त्यानं निवळी घेतली, गिळली. घसा हलताना तिनं नीट बघून घेतलं.

"वीणेनं गेली नाय ती," साळूबाई म्हणाली. "तुमच्यासारखंच झालं व्हतं तिला. पाणी सरलं व्हतं. उलटतंय म्हणून मी द्यायचं थांबवलं. मला तवा ठाऊक नव्हतं."

मांडवात पंगती बसायला लागल्या होत्या. पुंजाराम कोणावर तरी ओरडत होता की वरण खालून ढवळा म्हणून. कडूबा बराच वेळ त्या आवाजाकडं कान लावून बसला.

"मग इतकी वर्सं बोलली का नाय?"

 साळूबाईनं पुढची पळी भरली, काठोकाठ नाही, सांडू नये एवढीच, आणि त्याच्या तोंडाशी धरून वाट बघत राहिली. तो तिच्याकडं बघत होता. मग त्यानं तोंड उघडलं.